वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने आज लॅटिन शिकावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला पुढे सह्याद्रीतल्या वनस्पतींच्या वर्गीकरणावर पीएच.डी. करायची आहे. तिचे गाईड म्हणतात, लॅटिन शिकून घे. बरोबरचे म्हणतात, नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहायची सक्ती केव्हाच उठली आणि जुन्या मजकुराचं भाषांतर आता एआय करून देतो. तिचा धाकटा भाऊ कायद्याचं शिकतो आणि त्याच्या पुस्तकांतही पानोपानी लॅटिन येते. दोघांनी या भाषेला वेळ द्यावा का, आणि द्यावा तर किती?

माझं उत्तर आधीच सांगतो. तुम्ही शिका, आणि पीएच.डी.ची नोंदणी होईपर्यंत थांबूही नका. भावाने मात्र लॅटिन व्याकरणाच्या वाटेला जायची गरज नाही.

आधी नियमाचं बघू, कारण तुमच्या मित्रांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. वनस्पतींच्या नामकरणाचा जो आंतरराष्ट्रीय कोड आहे, त्याप्रमाणे १ जानेवारी १९३५पासून २०११च्या अखेरपर्यंत नव्या जातीचं वर्णन किंवा डायग्नोसिस लॅटिनमध्ये दिल्याशिवाय ते नाव वैध धरलं जात नव्हतं. डायग्नोसिस म्हणजे नवी जात तिच्या जवळच्या जातीहून कशात वेगळी आहे हे सांगणाऱ्या दोन-चार ओळी. (शैवालं आणि जीवाश्म यांचे नियम थोडे वेगळे होते, ते इथे बाजूला ठेवतो.) २०११ साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये ही अट सैल झाली आणि १ जानेवारी २०१२पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी काहीही चालू लागलं. प्राण्यांच्या नामकरणात अशी अट मुळात कधी नव्हतीच. मला हा बदल योग्य वाटला. ज्याने आयुष्यात एकही लॅटिन वाक्य वाचलेलं नाही, त्याने कुणाकडून तरी चार ओळी लिहून घ्यायच्या आणि ज्या संपादकाला त्या कळत नाहीत त्याने त्या छापायच्या, यात विज्ञानाचा काही फायदा नव्हता.

पण सक्ती गेली ती लिहिण्याची. वर्गीकरणशास्त्रात आपण लिहितो थोडं आणि वाचतो फार. शिवाय जे वाचतो ते आजचं नसतं, कारण आपलं सगळं शास्त्र अग्रक्रमाच्या नियमावर उभं आहे. एकाच वनस्पतीला दोन नावं मिळाली असतील, तर आधी वैधपणे छापलेलं नाव खरं. हे 'आधी' मोजायला सुरुवात होते १७५३पासून. त्या साली लिनियसने सुमारे ६००० जातींची नोंद असलेला ग्रंथ लॅटिनमध्ये छापला. तिथून पुढे अडीचशे वर्षांत लिहिलेलं कुठलंही पान तुमच्या नव्या जातीला आव्हान देऊ शकतं. तुम्हाला भोरच्या घाटात काही वेगळं सापडलं आणि ते नवीन आहे असं म्हणायचं असेल, तर त्या गटातल्या आधीच्या सगळ्या नावांच्या मागे काय लिहिलं आहे ते बघावंच लागतं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट उशिरा जाणवते, आणि त्याला कारण आहे. हूकर यांचा ब्रिटिश भारताचा सात खंडांचा फ्लोरा, म्हणजे प्रदेशातल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, इंग्रजीत आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१ ते १९०८) इंग्रजीत आहे. ही दोन पुस्तकं हाताशी असली की महाराष्ट्रातल्या बहुतेक वनस्पती ओळखता येतात, म्हणून लॅटिनवाचून काही अडत नाही असा समज होतो. पण हे ग्रंथ संकलनं आहेत. कुक यांनी एखाद्या जातीखाली जे वर्णन दिलं आहे, ते त्यांच्या समोर असलेल्या नमुन्यांवरून त्यांनी बांधलेलं आहे. नाव ज्याने पहिल्यांदा दिलं त्याचे शब्द दुसरीकडेच कुठेतरी असतात, आणि पुष्कळदा ते लॅटिनमध्ये असतात. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या घराण्याचा १८२४ ते १८७३ या काळात निघालेला १७ खंडांचा ग्रंथ लॅटिन. बेन्थम आणि हूकर यांचं वर्गीकरण तुम्ही बी.एस्सी.ला पाठ केलंत, आपल्याकडच्या कित्येक हर्बेरियममधली (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांतली) कपाटं आजही त्याच क्रमाने लावलेली आहेत, तो १८६२ ते १८८३ मधला तीन खंडांचा मूळ ग्रंथही लॅटिन. ज्या पद्धतीवर आपली परीक्षा झाली तिचं मूळ पान आपल्यापैकी बहुतेकांनी उघडलेलंही नसतं.

इथे कुणी म्हणेल की नाव कोणत्या वनस्पतीचं हे शेवटी टाइप नमुन्यावरून, म्हणजे त्या नावाला कायमच्या जोडलेल्या नमुन्यावरून ठरतं, वर्णनावरून नाही. बरोबर आहे. पण टाइप नमूद करायची सक्ती १९५८पासूनची आहे. त्याआधीच्या हजारो नावांना ठरलेला असा एक नमुना नाही. कुठे एका नावाखाली चार वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने आहेत, कुठे नमुने हरवले आहेत. मार्च १९४३मध्ये बर्लिनच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि तिथला फार मोठा संग्रह जळून गेला. अशा वेळी आपल्याला लेक्टोटाइप (मूळ साहित्यातून नंतर निवडलेला टाइप) किंवा निओटाइप (मूळ साहित्य उरलं नसेल तर नव्याने निवडलेला टाइप) निवडावा लागतो आणि लेक्टोटाइप निवडताना तो प्रोटोलॉगशी, म्हणजे नावाबरोबर पहिल्यांदा छापलेल्या सगळ्या मजकुराशी, विसंगत असून चालत नाही. प्रोटोलॉग लॅटिनमध्ये आणि तुम्हाला लॅटिन येत नाही, तर ही निवड तुम्ही कशाच्या जोरावर करणार?

आता मजकूर प्रत्यक्ष कसा असतो ते दाखवतो. १९३५ ते २०११ या काळातल्या डायग्नोसिसचा एक ठरलेला साचा आहे. नमुन्यादाखल मीच एक ओळ रचतो: 'स्पेसिएस आफिनिस सेरोपेजिए हुबेरी, सेद फोलिइस लिनेआरिबुस नेक ओव्हाटिस, पेदुन्कुलिस फेरे ग्लाब्रिस दिफ्फेर्त.' अर्थ असा: ही जात सेरोपेजिया हुबेरीच्या जवळची आहे, पण पानं अंडाकृती नसून रेषाकृती आणि फुलांचे देठ जवळजवळ लवरहित असल्याने वेगळी ठरते. या ओळीतले मोठे शब्द कुणीही ओळखेल. लिनेआर, ओव्हेट, ग्लॅब्रस हे आपण रोज वापरतो. घोटाळा होतो तो 'नेक' आणि 'फेरे' या दोन चिमुकल्या शब्दांपाशी. 'नेक' म्हणजे 'आणि नाही'. तो नजरेतून सुटला की अंडाकृती पानं नव्या जातीच्या खात्यावर जमा होतात आणि दोन जातींची लक्षणं उलटीपालटी होतात. 'फेरे' म्हणजे जवळजवळ. तो सुटला की देठ अगदी गुळगुळीत आहेत असं आपण समजतो, मग चार केस असलेला नमुना समोर आला की तो या जातीतला नाही म्हणून बाजूला ठेवतो. 'विक्स' म्हणजे जेमतेम, 'हाउद' म्हणजे मुळीच नाही, 'साएपे' म्हणजे पुष्कळदा, 'सुब्तुस' म्हणजे खालच्या बाजूने. असे पंचवीस-तीस शब्द आहेत, आणि माझ्या मते लॅटिन शिकताना सगळ्यात आधी तेच पक्के करावेत. नामं कोशात मिळतात. हे शब्द कोशात बघायला हवेत एवढंही अनेकांच्या लक्षात येत नाही.

केसांचा तर स्वतंत्र शब्दसंग्रहच आहे. प्युबेसेन्स म्हणजे आखूड मऊ लव, व्हिल्लोसुस म्हणजे लांब मऊ केस, हिर्सुतुस म्हणजे राठ लांब केस, तोमेन्तोसुस म्हणजे गुंतलेल्या केसांचा लोकरीसारखा थर, सेरिसेउस म्हणजे रेशमासारखे अंगाला चिकटून असलेले केस, स्त्रिगोसुस म्हणजे राठ पण एकाच दिशेने झोपलेले केस. भाषांतराच्या साधनांनी या सगळ्यांना 'केसाळ' करून टाकलेलं मी पाहिलं आहे. कारवीच्या किंवा तेरड्याच्या कुळात काम करणाऱ्याला हे फरक गिळून चालत नाही. तिथे कित्येकदा जात केसांवरच ठरते.

एआयबद्दल इथेच सांगून टाकतो. ही साधनं वापरा, मीही वापरतो. सरळ छापलेला विसाव्या शतकातला मजकूर ती बऱ्यापैकी लावतात. अडचण येते ती जुन्या छपाईत. अठराव्या शतकातल्या पुस्तकांत लांब 'स' हे अक्षर 'फ'सारखं दिसतं, शब्द निम्म्यावर तोडलेले असतात, आणि स्कॅनमधून मजकूर उचलताना शब्दांच्या शेपट्या, म्हणजे शेवटचे प्रत्यय, बदलतात. लॅटिनमध्ये सगळा अर्थ त्या शेपटीतच असतो. साधन मात्र बिनदिक्कत एक सफाईदार वाक्य समोर ठेवतं. ते वाक्य मूळ ओळीशी ताडून बघता येण्याइतकी लॅटिन तुमच्याकडे हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत 'साधनाने असं सांगितलं' हे उत्तर चालत नाही, आणि चालूही नये.

नव्या नावांचं काय? वर्णन इंग्रजीत लिहिता येतं, पण नाव आजही लॅटिनच असतं. शब्द कुठल्याही भाषेतून आलेला असो, कोड त्याला लॅटिन समजूनच वागवतो, म्हणून लिंग आणि विभक्ती जुळावी लागते. कासच्या पठारावर पावसाळ्यात पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलणारी पंद तुम्ही पाहिली असेल. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी तिला हेराक्लिअम या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवलं, तेव्हा नाव होतं हेराक्लिअम कोंकनेन्से. पुढे ती पिंडा या स्वतंत्र प्रजातीत गेली आणि नाव झालं पिंडा कोंकनेन्सिस. शेवट बदलला, कारण हेराक्लिअम नपुंसकलिंगी आहे आणि पिंडा स्त्रीलिंगी. तशीच इरिओकॉलॉन कोंकनेन्से नपुंसकलिंगी, आणि सेरोपेजिया सह्याद्रिका स्त्रीलिंगी. पिंपळाचं फायकस रिलिजिओसा बघा. 'फायकस'चा शेवट पुल्लिंगी दिसतो, तरी विशेषण 'रिलिजिओसुस' न होता 'रिलिजिओसा' होतं, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. शेवटावरून लिंग ठरवायला गेलेला इथे हमखास फसतो.

माणसांच्या नावावरून नाव देतानाही हेच, तिथे माणसाचं नाव षष्ठीत येतं. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांच्या स्मरणार्थ दिलेलं सेरोपेजिया महाबलेई, आणि मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी लॉ यांच्या नावाचं इम्पेशन्स लॉई. रोमन लिपीत पहिल्याला एक 'आय' लागतो, दुसऱ्याला दोन, कारण एक नाव स्वरान्त आहे आणि दुसरं व्यंजनान्त. स्त्रीच्या नावाच्या शेवटी रोमन 'ए-ई' ही अक्षरं लागतात, उच्चार 'ए'. पण आडनाव 'शर्मा'सारखं 'आ'कारान्त असेल तर पुरुषालाही 'शर्माए' असंच रूप होतं. भारतात 'आ'कारान्त आडनावं भरपूर, त्यामुळे 'ए' दिसला की ती बाई असणार असा अंदाज बांधू नका. कोडच्या साठाव्या कलमात हे सगळं दिलेलं आहे. पण षष्ठी म्हणजे काय हे माहीत नसलेल्याला ते कलम वाचून फारसं हाती लागत नाही.

आणि इथेच मराठी मुलांना एक मोठा फायदा आहे, जो त्यांना कुणी सांगत नाही. लॅटिनचं व्याकरण इंग्रजी मातृभाषा असलेल्याला जड जातं, कारण त्याला नामाचं लिंग, विभक्ती, विशेषणाचा विकार हे सगळं शून्यापासून शिकावं लागतं. आपण 'मोठा वड, मोठी चिंच, मोठं झाड' म्हणतच मोठे होतो. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांचं तर अर्धं काम झालेलं असतं. 'अस्मि, असि, अस्ति'च्या जागी 'सुम, एस, एस्त'. सप्तच्या जागी सेप्तेम, नवच्या जागी नोव्हेम, अग्नीच्या जागी इग्निस, दन्तच्या जागी देन्स. आपल्या विषयातली सर्वांत महत्त्वाची रचना तर पाणिनीच्या एका सूत्रात बसते. लिनियस एखाद्या वनस्पतीचं लक्षण सांगताना क्रियापद वापरतच नाही. तो म्हणतो 'प्लांटागो फोलिइस ओव्हाटो-लान्सेओलाटिस प्युबेसेन्टिबुस, स्पिका सिलिंड्रिका, स्कापो तेरेती'. शब्दशः, 'अंडाकृती-भालाकृती लवदार पानांनी, दंडगोल कणसाने, गोल दांड्याने प्लांटागो'. इंग्रजीत याचं भाषांतर करताना विद्यार्थी 'विथ' घालतात आणि पुढे जातात. संस्कृत शिकलेल्याला इथे 'इत्थंभूतलक्षणे' आठवायला हवं: जटाभिस्तापसः, जटांवरून ओळखावा तो तापस. लक्षण ज्या शब्दाने सांगायचं त्याला तृतीया. लॅटिनमधली जी अपादानाची विभक्ती आहे, तिने आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी तिन्हींचं काम अंगावर घेतलं आहे. हे एकदा कळलं की अठराव्या शतकातलं कुठलंही पान उघडा, निम्म्या ओळी आपोआप सुटतात. एकोणिसाव्या शतकातली लांब वर्णनं मात्र प्रथमेत असतात, 'फोलिआ ओव्हाटा, ग्लाब्रा' अशी. 'फोलिआ' हे स्त्रीलिंगी एकवचन वाटतं, पण ते 'फोलिउम'चं नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात.

हे साम्य कोकणात राहून मराठी-कोकणी शिकलेल्या एका माणसाला फार आधी दिसलं होतं. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं, आणि इकडच्या भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे असं त्यात नोंदवलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगणारं विल्यम जोन्स यांचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६चं, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी.

रोजच्या कामातही लॅटिनचे तुकडे भेटतात, आणि ते नीट न समजल्याने होणारं नुकसान मी सर्वेक्षणांच्या अहवालांत वारंवार पाहतो. 'सीएफ.' आणि 'अफ्फ.' ही दोन संक्षिप्त रूपं घ्या. पहिलं 'कॉन्फेर', म्हणजे 'ताडून बघा': नमुना बहुधा या जातीचा आहे, खात्री झालेली नाही. दुसरं 'आफिनिस', म्हणजे 'जवळची': नमुना या जातीचा बहुधा नाही, पण तिच्या आसपासचा आहे. दोन्हींचा अर्थ जवळजवळ उलटा. तरी प्रकल्पांच्या यादीत दोन्ही सरसकट वापरतात आणि मग कुणीतरी ती अक्षरं गाळून यादी पुढे पाठवतो. एका धरणाच्या किंवा खाणीच्या परिसरात प्रदेशनिष्ठ जात आहे की नाही, हा प्रश्न त्या तीन-चार अक्षरांवर येऊन थांबू शकतो. 'नोमेन नुदुम' म्हणजे वर्णनाविना नुसतंच छापलेलं नाव, 'ऑक्ट. नॉन' म्हणजे नंतरच्या लेखकांनी चुकीच्या अर्थाने वापरलेलं नाव, 'सेन्सु लातो' म्हणजे व्यापक अर्थाने, 'हिक देसिग्नातुस' म्हणजे इथे निवडलेला. हे शब्द पाठ करायला आठवडाही पुरतो, आणि ते मात्र वर्गीकरणात न जाणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही यावेत.

आता ज्या ग्रंथासाठी मला मनापासून वाटतं की आपल्या मुलामुलींनी लॅटिन शिकावी, त्याबद्दल थोडं. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर तयार करवून घेतलेला 'होर्तुस मलाबारिकुस' १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला १२ खंडांत निघाला. सातशेहून अधिक वनस्पतींचं वर्णन, पानभर चित्रं, औषधी उपयोग, आणि हे सगळं लॅटिनमध्ये. माहिती कुणाची? इट्टी अच्युतन या वैद्यांची, आणि कोचीत राहणाऱ्या रंगभट, विनायक पंडित, आपुभट या तीन कोकणी पंडितांची. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची कोकणी नावं नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. लिनियसने आपल्या ग्रंथात ऱ्हीडेंचे दाखले दिले, आणि पुढे त्याच्या कित्येक नावांचे टाइप म्हणून ऱ्हीडेंची चित्रंच निवडली गेली. म्हणजे आपल्या अंगणातल्या काही झाडांच्या नावांचा कायदेशीर आधार या खंडांमधल्या चित्रांत आहे. पण हा मजकूर तीन शतकांहून जास्त काळ लॅटिनच्या कुलपात होता. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली तीन दशकांहून अधिक या ग्रंथाला दिली, तेव्हा २००३मध्ये केरळ विद्यापीठाने त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर छापलं. नंतर मल्याळममध्येही आलं. भारतीय वैद्यांनी सांगितलेलं ज्ञान भारतीयांना वाचता यावं म्हणून एका माणसाला इतकं खपावं लागलं, कारण ते ज्या भाषेत नोंदलं गेलं ती भाषा वाचणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

गार्सिया द ओर्ता यांचा गोव्यात १५६३मध्ये छापलेला औषधींवरचा ग्रंथ पोर्तुगीजमध्ये होता. युरोपातल्या विद्वानांच्या हाती तो पडला तो वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांनी १५६७मध्ये केलेल्या लॅटिन संक्षेपामुळे. गोव्याच्या इतिहासावर, विशेषतः चर्चच्या कागदपत्रांवर काम करायचं असेल, तर पोर्तुगीजच्या बरोबरीने लॅटिन लागते. राशोलच्या सेमिनरीत ती पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. १९६०च्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागल्या आणि ती सवय ओसरली, तरी चर्चच्या वरच्या पातळीवरच्या कारभारात भाषा जिवंत आहे. ११ फेब्रुवारी २०१३ला पोप बेनेडिक्ट यांनी राजीनामा लॅटिनमध्येच जाहीर केला, आणि लॅटिन समजणाऱ्या एका इटालियन वार्ताहर बाईंनी ती बातमी सगळ्यांच्या आधी दिली.

तुमच्या भावाचं वेगळं का, ते आता सांगतो. 'रेस ज्युडिकाटा' (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही) हे तत्त्व त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११मधून आणि त्यावरच्या निवाड्यांतून शिकायचं आहे. 'हेबिअस कॉर्पस'चा अर्थ आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ खालच्या निकालांनी घडवलेला आहे. मूळ लॅटिन वाक्याचं व्याकरण लावून त्याच्या युक्तिवादाला जोर येणार नाही. रोमन कायद्याच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलं, तर गोष्ट निराळी. डॉक्टरांचंही तसंच. चिठ्ठीवरचं 'बी.डी.' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टी.डी.एस.' म्हणजे तीनदा, 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज पडली तर. ही सगळी लॅटिन वाक्यांची आद्याक्षरं आहेत, पण ती कळायला लॅटिन यावी लागत नाही. आणि इंग्रजी शब्दसंग्रह वाढेल, बुद्धीला धार येईल, म्हणून लॅटिन शिका असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. इंग्रजी सुधारायची असेल तर इंग्रजी वाचावी. बुद्धीला धार लावायला आपल्याकडे संस्कृत आहे, गणित आहे. एखादी भाषा शिकायची ती तिच्यात लिहिलेलं काहीतरी वाचायचं आहे म्हणून.

किती आणि कसं, याबद्दल माझा सल्ला. व्हर्जिल आणि सिसेरोपासून सुरुवात करू नका. तुमचं ध्येय वर्णन वाचणं हे आहे, आणि वर्णनात क्रियापदं जवळजवळ नसतात, म्हणून काळ आणि अर्थ यांचे तक्ते पहिल्या टप्प्यात सोडून द्या. नामांची पाच रूपावली आणि विशेषणांची दोन, एवढं तक्ता करून भिंतीवर लावा. मग ते छोटे शब्द. मग विल्यम स्टर्न यांचं १९६६मध्ये निघालेलं वनस्पतिशास्त्रीय लॅटिनवरचं पुस्तक घ्या. जाड आहे, पण त्यातला व्याकरणाचा भाग आणि शेवटचा शब्दकोश तुम्हाला आयुष्यभर पुरेल. रोज अर्धा तास दिलात तर सहा महिन्यांत साधी डायग्नोसिस कोशाच्या मदतीने लावता यायला हवी.

सरावासाठी १९३५ ते २०११ मधले महाराष्ट्रातल्या जातींचे प्रोटोलॉग घ्या. त्यात लॅटिन डायग्नोसिसच्या खाली बहुधा इंग्रजी वर्णनही असतं, म्हणजे आपलं उत्तर आपल्यालाच तपासता येतं. पहिल्यांदा वायतुऱ्याचं घ्या, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२. वनस्पती ओळखीची असली की लॅटिन ओळ अर्ध्यावर असतानाच पुढे काय येणार याचा अंदाज येतो. आधी इंग्रजी झाकून ठेवायचं, लॅटिनचा अर्थ वहीत मराठीत लिहायचा, मग झाकलेलं उघडायचं. अर्थ मराठीतच लिहा असं मी मुद्दाम सांगतो. इंग्रजीत लिहिताना 'ओव्हाटिस'चं 'ओव्हेट' करून मन फसवता येतं. मराठीत लिहिताना पान अंडाकृती म्हणजे रुंद टोक देठाकडे की शेंड्याकडे, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. हे जमू लागलं की मग मागे जा, द कांदोलकडे, आणि शेवटी लिनियसकडे. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात.

उच्चारांची काळजी करू नका. रोमन उच्चार वेगळे, चर्चचे वेगळे, इंग्रजांचे तिसरेच, आणि कोड उच्चारांबद्दल काही नियम करत नाही. समोरच्याला कोणती वनस्पती ते कळलं की झालं.

पहिलं वर्ष संपताना ऱ्हीडेंचा एखादा खंड उघडा आणि तुमच्या गटातली एक वनस्पती निवडा. चित्रावरचं नागरीतलं कोकणी नाव, त्याखालचं लॅटिन वर्णन आणि मणिलाल यांचं भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि ते कोकणी नाव आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात कुणाच्या तोंडी आहे का, कोणत्या झाडासाठी आहे, ते फील्डवर विचारा. लॅटिन, मराठी-कोकणी आणि वनस्पतिशास्त्र ही तिन्ही ज्याला येतात त्यालाच हे काम करता येईल. गाईडना विचारून प्रबंधात त्याला एक प्रकरण द्या.